धुरपदाच्या दारातला बैल

हुलगेवाडीत शिरलात की रस्ता सरळ येतो, आणि सरगरांच्या गल्लीत आल्यावर एकदम वाकडा होतो. तिथं वाटेच्या मधोमध एक दगडी बैल बसलाय. तोंड रस्त्याकडे नाही, एका घराच्या दाराकडे. एक शिंग मोडकं, आणि पोरं बसून बसून पाठ गुळगुळीत झालेली. डांबरवाले आले तेव्हा त्यांच्या साहेबानं बैल हलवायला सांगितलं होतं. गल्लीतल्या बायका दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. साहेबानं रस्ता वाकडा करून दिला.

पाहुणे विचारतात, हा नंदी आहे तर महादेवाचं देऊळ कुठं? देऊळ नाही. हा महादेवाचा नव्हे, हेळव्याचा बैल. नाव बसाप्पा. कुणीतरी तुम्हाला सांगेल की खरा बैलच इथं दगडाचा झाला. त्याचं ऐकू नका. जित्या बैलाचा दगड होत नसतो. हा पाथरवटाकडून घडवून घेतलाय. पण का घडवला, ते ऐकून मग पुढं जा.

फार पिढ्यांमागची गोष्ट सांगतात. तेव्हा गावात लिहिलेलं असं काही नव्हतं. कोण कुणाचा, मेंढरं घेऊन आधी कोण आलं आणि मागून कोण आलं, हे सगळं हेळव्याच्या तोंडात. हेळवी म्हणजे घराण्यांची नावं पाठ म्हणणारा. सुगी उरकली की तो बैलावर बसून यायचा, दारोदार थांबायचा आणि त्या घराचा वंश मूळ पुरुषापासून म्हणून दाखवायचा. हेळव्यांच्या मूळ पुरुषाचे पाय अधू होते म्हणे, आणि शंकरानं त्याला बसायला आपला नंदी दिला. म्हणून दारातला वंश पुरा होईपर्यंत हेळव्यानं जमिनीला पाय लावायचा नाही, ही रीत. त्याच्या बैलावर काठी उगारायची नाही, ही दुसरी. आणि वंश म्हणून झाला की बैल आपल्या मनानं पुढं पाऊल टाकणार, गळ्यातली घंटी वाजणार, मगच म्हटलेलं सगळं खरं, ही तिसरी. गावाचं सगळं खरंखोटं असं एका बैलाच्या गळ्यात बांधलेलं. बाप्यांनी घातलेली रीत, तिला कोण विचारणार?

वंशात नावं बाप्यांचीच. अमक्याचा तमका, तमक्याचे तिघे. ते तिघे कुणाच्या पोटी आले का बाभळीच्या ढोलीतनं पडले, त्याचा उच्चार नाही. आणि ज्या घरात मुलगा नाही, तिथं हेळवी म्हणायचा, “वेल इथं खुंटला.” मग उंबऱ्यावर मातीचं ढेकूळ ठेवायचं. तेवढं झालं की त्या घराचं रान भावकीत गेलं. आत जिवंत माणसं बसलेली असली तरी.

धुरपदा ही सिदाप्पा सरगराची बायको. सिदाप्पा तापानं गेला. मागं राहिली एक मुलगी, मायाक्का, आणि ओढ्याकाठचं रान. ते रान आधी नुसता खडक होता. नवराबायकोनं दगड वेचून वेचून पिकाखाली आणलं, आणि दगडाचा बांध एवढा उंच झाला की पलीकडची मेंढरं दिसायची नाहीत. धुरपदाच्या हातांची नखं त्या रानात गेली होती. ते रान आपल्या अंगाचाच भाग आहे असं ती धरून चालायची.

तिचा दीर म्हाळाप्पा शेजारीच राहायचा. भाऊ होता तोवर त्या खडकाकडे त्यानं ढुंकून पाहिलं नव्हतं. भाऊ गेल्यावर त्याला एकदम वहिनीची काळजी वाटायला लागली.

“वैनी, आता कशाला राबताय तुमी?” तो म्हणाला. “आमच्या गोठ्याला लागून खोली हाय. तिथं ऱ्हावा. पोरीचं लगीन मी लावून देतो.”

“गोठ्याजवळ तुमीच ऱ्हावा, भावजी,” धुरपदा म्हणाली. “म्हशींची सवय तुमाला हाय.”

ती पंचांकडे गेली. पंचांनी दाढ्या खाजवल्या आणि म्हणाले, हेळवी येऊ दे, तो म्हणेल ते खरं. आणि हेळवी काय म्हणणार हे पंचांना ठाऊक होतं, धुरपदाला ठाऊक होतं, गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

त्यात म्हाळाप्पा शेजारच्या गावी जाऊन हेळव्याला आधीच भेटून आला. हे धुरपदाला कळलं ते पाणवठ्यावर, तिच्या जावेकडून. जाऊ कोंडाबाई, म्हणजे म्हाळाप्पाची बायको, घागर घासता घासता म्हणाली, “आमच्यातलं नवं घोंगडं गेलं बघ. कुठं गेलं इचारलं तर म्हणत्यात, हेळव्याला थंडी वाजती.”

“उन्हाळा तोंडावर आलाय की,” धुरपदा म्हणाली.

“तेच म्हणते मी. आणि गाईची लाल पाडी बी द्यायची म्हणत्यात त्याला. तिला काय पांघरणार हाय का त्यो?”

धुरपदानं घागर डोक्यावर घेतली आणि घरी आली. घरात बसून तिनं पाहिलं, आपल्याकडे आहे काय? घोंगडं नाही, पाडी नाही, मुलगा नाही. कोपऱ्यात हुलग्याचं एक पोतं होतं. ती बराच वेळ त्या पोत्याकडे बघत बसली. मग तिनं ते उसवलं.

हेळवी आला त्या सकाळी सगळ्या दारांत सडा पडला होता. हेळव्याचं नाव तिप्पण्णा. माणूस गोरा, गळा गोड, अंगावर म्हाळाप्पाचं घोंगडं. खाली बसाप्पा, पांढराशुभ्र, वशिंड डुलतंय. सरगरांच्या गल्लीत पहिलं दार धुरपदाचं. दारात काठवट भरून शिजवलेले हुलगे ठेवले होते, वर गूळ, चिमूटभर मीठ. वाफ गल्लीभर पसरलेली. बसाप्पा तिथं आला आणि थांबला. थांबला म्हणजे काय, त्यानं तोंड घातलं ते वर काढलंच नाही.

तिप्पण्णानं वंश म्हणायला सुरुवात केली. धुरपदानं पदर सावरला आणि त्यालाही हुलग्याच्या माडग्याचा, म्हणजे पिठाच्या पातळ कढणाचा, कटोरा दिला. बैलाला घालायचं आणि बैलावरच्याला उपाशी ठेवायचं, हे बरं दिसत नाही. तिप्पण्णा खाता खाता म्हणत होता, म्हणता म्हणता खात होता. माडगं संपलं, तिनं दुसरं दिलं. वर ताक दिलं. वंश सिदाप्पापर्यंत आला तेव्हा बसाप्पाचं पोट तट्ट भरलं होतं. त्यानं पुढचे गुडघे टेकले, मागचं अंग सोडलं आणि धप्पकन तिथंच बसला. डोळे मिटून रवंथ करायला लागला.

बैल बसला की वर बसलेल्या माणसाचे पाय जमिनीला लागतात. तिप्पण्णानं घाईनं दोन्ही पाय वर घेतले आणि मांडी घातली. मग गळा साफ करून म्हणाला, “सिदाप्पाचा वेल इथं खुंटला.”

म्हाळाप्पा ढेकूळ हातात घेऊन उभाच होता. पण बैल उठेना. घंटी वाजेना. गल्लीत सगळे बघत होते.

“परत म्हणा,” म्हाळाप्पा म्हणाला.

तिप्पण्णानं परत म्हटलं, जरा मोठ्यानं. बसाप्पानं एक कान हलवला. माशी होती.

“बैलाला पटत न्हाई वाटतं,” धुरपदा उंबऱ्यात उभी राहून म्हणाली. “पुढं नाव असंल तर बगा.”

“पुढं कोण न्हाई, बाई.”

“हाय की. चुलीपाशी बसलीया. मायाक्का म्हणत्यात तिला.”

“पोरीचं नाव आमच्या तोंडात बसत न्हाई,” तिप्पण्णा म्हणाला.

“माझं माडगं बसलं न्हवं? त्याच्याच शेजारी नाव बसवा.”

गल्लीत कुणीतरी हसलं. म्हाळाप्पानं वळून पाहिलं तर त्याचीच बायको होती.

मग बैल उठवायची खटपट सुरू झाली. काठी उगारता येत नाही. शेपटी पिरगाळली तर पाप. कुणी उसाचे वाढे आणले, कुणी कडबा. बसाप्पानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. ज्याच्या पोटात गुळाचे हुलगे आहेत त्याला कडबा काय दाखवता? मध्येच त्यानं डोळे उघडले की धुरपदा आणखी एक परडी आणून काठवटीत ओतायची.

“वैनी, खायला घालायचं बंद करा,” म्हाळाप्पा म्हणाला.

“दारात आलेल्या नंदीला उपाशी ठिवू? उद्या लोक म्हणतील, सरगरांच्यात दाणा न्हाई. नाव तुमच्या घराण्याचं जाईल, भावजी. माझा तर वेल खुंटलाय.”

ऊन चढलं. पुढच्या दारांतल्या रांगोळ्या पुसट झाल्या, लोक आपल्या वंशाची वाट बघत ताटकळले, पंच सावली शोधायला लागले. आणि तिप्पण्णा मांडी घालून बसलेला, नव्या घोंगड्यात घामानं निथळत. तोंडावरचा रंग हळूहळू बदलायला लागला होता. धुरपदाचं लक्ष बैलाकडे नव्हतंच. ती मघापासून तिप्पण्णाच्या तोंडाकडे बघत होती.

आता हे सांगायला लाज वाटायचं कारण नाही. दोन कटोरे हुलग्याचं माडगं, वर आंबट ताक, आणि उन्हात मांडी. पोट कुणाच्या घराण्याचं ऐकत नाही. तिप्पण्णानं आधी घोंगडं टाकलं. मग एक कुल्ला उचलला. मग दुसरा. मग म्हाळाप्पाला जवळ बोलावून हळूच म्हणाला, “मला उतरायला पायजे.”

“वंश पुरा न्हाई झाला,” म्हाळाप्पा म्हणाला. “पाय टेकलासा तर सगळ्या गावचे वंश बाटतील. धरा जरा.”

“काय धरू?”

“धरा म्हणजे धरा. लाल पाडी हाय की न्हाई?”

तिप्पण्णानं डोळे मिटले. त्याच्या बापानं, आज्यानं, त्याच्याही आज्यानं हीच नावं म्हटली होती आणि एकानंही बाईमाणसाचं नाव तोंडातनं काढलं नव्हतं. पण त्यांतल्या कुणाला हुलगेवाडीत माडगं पाजलं नसावं. पोटात असा काही आवाज झाला की पुढच्या ओळीतल्या पंचांनी तो ऐकला.

“पाडी तुमच्यापाशीच ठेवा,” तिप्पण्णा म्हणाला, आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा खणखणीत गळा काढून त्यानं म्हटलं, “सिदाप्पाची मायाक्का! मायाक्काचा वेल पुढं चालू!”

आणि बसाप्पा उठला. पाऊल टाकलं, घंटी वाजली.

काहीजण सांगतात की तो शंकराचा चमत्कार. काहीजण सांगतात की त्याच घडीला धुरपदानं काठवट पायानं मागं ओढली आणि बैल हुलग्यांच्या मागं उठला. दोन्ही खरं असेल. शंकराला पाय वापरायचाच झाला तर तो धुरपदाचा वापरेल, म्हाळाप्पाचा कशाला वापरेल?

तिप्पण्णानं वरून उडी टाकली आणि निवडुंगाच्या कुंपणामागं पळाला. हुलगेवाडीच्या भुईला हेळव्याचा पाय लागला तो असा. म्हाळाप्पा ढेकूळ हातात घेऊन उभा राहिला. शेवटी ते ढेकूळ हातातच फुटलं.

सगळ्यांना वाटलं, झालं, संपलं. पण तिप्पण्णा हलक्या अंगानं परत आला तर पुढच्या प्रत्येक दारात काठवट. हुलगे नव्हते तिथं मटकी, मटकी नव्हती तिथं कण्या. बायका मागं कमरेवर हात ठेवून उभ्या. सगळ्यांच्या पुढं कोंडाबाई, म्हाळाप्पाची बायको. तिला एक मुलगा आणि चार मुली.

“आधी माझ्या चौघी म्हणा,” ती म्हणाली. “मग त्या बाब्याचं बगू.”

“मला त्यांची नावं ठावं न्हाईत, बाई,” तिप्पण्णा म्हणाला.

“मी सांगते. तुमी खाली उतरा. वर बसून ऐकायला येत न्हाई.”

तो उतरला. सूर्य बुडेपर्यंत तो पायी एकेका दारात उभा राहिला आणि बायका त्याला नावं शिकवत राहिल्या. लेकींची सांगितली, मग सासवांची निघाली, मग सासवांच्या आयांची. एका म्हातारीला स्वतःचंच नाव आठवेना. लग्नात बदललं होतं आणि आधीच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. ती दाराशी बसून आठवत राहिली. तिप्पण्णा तिच्यासाठी थांबला. दिवे लागताना तिनं हळूच सांगितलं, “हिराक्का.” तिप्पण्णानं ते चारचौघांत मोठ्यानं म्हटलं, तेव्हा म्हातारी पदर तोंडाला लावून हसली म्हणतात. रडली असंही म्हणतात.

ओढ्याकाठचं रान मायाक्काकडे राहिलं. तिनं पुढं घरजावई केला. तो गरीब गडी होता, दगड वेचायला लागला. आज खालच्या आळीत जेवढी सरगरांची घरं आहेत ती मायाक्काची. बसाप्पा म्हातारा होऊन मेला तेव्हा धुरपदानं पाथरवट बोलावला आणि बैल जिथं बसला होता तिथंच दगडाचा बैल बसवला. तोंड दाराकडे ठेवायला तिनं मुद्दाम सांगितलं. पाथरवट म्हणाला, वाटेत अडचण होईल. ती म्हणाली, होऊ दे.

आजही सुगी उरकली की हेळवी येतो. आता फटफटीवर येतो. पण दगडी बैलापाशी आला की उतरतो, चपला काढतो आणि पायी पुढं जातो. पायऱ्यांवर बायका बसतात, बाप्ये खाली उभे राहतात. आधी लेकींची नावं, मग लेकांची. कुणाचं घर लेकीवर थांबलं तर हेळवी विचारतो, “पुढं कोण?” आणि सगळी गल्ली एका आवाजात म्हणते, “चालू.” खुंटला हा शब्द हुलगेवाडीत कुणी काढत नाही. परसातला दोडक्याचा वेल वाळून गेला तरी बाई शेजारणीला सांगते, तो जरा पलीकडं गेलाय.