पुराचा भोंगा

नदीकाठच्या आडगावात गेल्या पुरात सात माणसं वाहून गेली. इशारा द्यायला संगणक होता, पण वीज गेली, पाठोपाठ बॅटरी उतरली आणि भोंगा वाजलाच नाही. आता नवा संगणक निवडायला गाव जमलं होतं.

इंजिनिअर सुलभा गुरवनं स्वस्तातला, जेमतेम वीज खाणारा प्रोसेसर सुचवला. सभेचे अध्यक्ष तात्यासाहेब ढोबळे उखडले. "गावाला हे खेळणं? सगळ्यात वेगवान प्रोसेसरच बसेल!"

"बसवू की," सुलभा म्हणाली. "दोन्ही संगणक सारख्याच बॅटरीवर लावते. तुमचं भाषण संपेल तेव्हा जो चालू असेल तो घ्या."

तात्यासाहेब खूश होऊन उभे राहिले. वेगाचं महत्त्व झालं, गावाची शान झाली, मग स्वतःचं कार्य सुरू झालं. तेवढ्यात वेगवान संगणकाचा पडदा काळा पडला. त्यांचं लक्षच नव्हतं.

भाषण संपल्यावर सुलभानं छोट्या संगणकाची कळ दाबली. भोंगा घुमला. पुरात मुलगा गमावलेल्या भागूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"एवढ्या वेळात कुठलीही बॅटरी उतरेल!" तात्यासाहेब ओरडले.

"तात्यासाहेब," सुलभा म्हणाली, "पूर तुमच्या भाषणापेक्षाही लांबतो."