शाईने गूळ पिकत नाही

एकदा एका बाजारपेठेचा सारा व्यवहार एका वृद्ध पेढीदाराच्या शब्दावर चाले. लोक त्यांच्याकडे ठेवी ठेवत, गरजवंत कर्ज नेत, आणि पेढीची चिठ्ठी पेठेत नाण्यासारखी फिरे. व्याजाचा दर सांगण्याची तिथली रीत निराळी होती. दर अमावस्येला पेढीच्या दारावरच्या काठीला पांढऱ्या पट्ट्या बांधत. दोन पट्ट्या म्हणजे महिन्याला शेकडा दोन. चालू कर्जालाही तोच दर.

वृद्ध चार महिने तीर्थयात्रेला गेले आणि काठी त्यांच्या हाताखाली पेढीचे काम शिकणाऱ्या शिष्याच्या हाती आली. व्यापारी आर्जवे करू लागले, तेव्हा त्याने दोनाची एक पट्टी केली, मग अर्धी. मागेल त्याला चिठ्ठी! पेठ त्याचे गोडवे गाऊ लागली आणि स्वारी हरभऱ्याच्या झाडावर चढली. गूळ महागतो आहे, असे एकदोघे पुटपुटले. त्याने कानाडोळा केला. धाकट्या भावाला कापड विणायच्या नव्या मागासाठी कर्ज देण्याचा शब्दही त्याने देऊन टाकला.

वृद्ध परतले ते थेट बाजारात गेले. शेरभर गुळाच्या पैशांत अर्धा शेरच हाती आला. अमावस्येला स्वतः चौरंगावर चढून त्यांनी चार पट्ट्या बांधल्या.

पेठेत एकच बोंब उठली. शिष्याचा जीव थाऱ्यावर राहीना. पेढीत बसवेना, बाहेर तोंड दाखववेना. शेवटी त्याला राहवले नाही.

"आबा, लोक शिव्या घालताहेत. निदान माझ्या भावाला तरी जुन्या दरानं द्या. चार टक्क्यांनी त्याला माग झेपायचा नाही."

"पेठेत प्रत्येकाला भाऊ आहे," वृद्ध म्हणाले. "चिठ्ठी लिहायला शाई पुरते, गुळाला ऊस लागतो. तू शाई वाढवलीस, ऊस होता तेवढाच राहिला. व्यापाऱ्यांनी स्वस्त कर्जावर ढेपा कोंडून ठेवल्या. आणि जिनं जन्मात कर्ज काढलं नाही, त्या मोलकरणीच्या पोराच्या भाकरीवरचा गूळ गेला. आता कर्ज महाग झालंय, ढेपा आपोआप बाहेर येतील."

"पण माझ्या भावाचा यात काय गुन्हा?"

"काहीच नाही. दर वाढला की तो चोर आणि साव पाहत नाही, म्हणून तर वेळ ओळखायची. तू वेळेवर तीन बांधल्या असत्यास, तर मला चार बांधाव्या लागल्या नसत्या." वृद्धांचा आवाज खाली आला. "त्याचं मलाही वाईट वाटतं."

पंधरा दिवसांत कोठारांची कुलपे निघाली आणि गूळ उतरला. शिष्याला मात्र चैन नव्हते. भाऊ निरोपाची वाट पाहत असेल, हा विचार त्याला कुरतडत होता. अखेर तो स्वतःच भावाकडे गेला. मागासाठी जागा व्हावी म्हणून भावाने मधली भिंत पाडून ठेवली होती.

"माग यंदा होत नाही," शिष्य म्हणाला. "चूक माझी आहे."

भाऊ त्या मोकळ्या जागेकडे वळला. मग म्हणाला, "दादा, चार महिने पेठेत तुझी वाहवा ऐकून माझी छाती फुगत होती."

"माझीही," शिष्य म्हणाला. "म्हणून तर दर वाढवायची वेळ आली, तेव्हा हात धजला नाही."