गोदाक्काच्या हाताच्या मुंग्या

एका गावात केरबा नावाचा एक भोळा कारकून होता. भोळा म्हणजे किती, तर कुणी "जरा पाठ टेकतो" म्हणालं की हा आधी मागं भिंत आहे का ते बघून यायचा. पण अक्षर मोत्यासारखं. त्या अक्षरावर भाळून शहापुरे डॉक्टरीणबाईंनी त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं. काम सोपं होतं. पेशंटचं म्हणणं केसपेपरवर लिहायचं, आणि पेशंट विम्याचा असला तर तो कागद कंपनीला पाठवायचा.

"पेशंट सांगेल ते लिहायचं," बाई म्हणाल्या. "एक अक्षर गाळायचं नाही."

"नाही गाळत," केरबा म्हणाला.

पहिल्याच दिवशी गोदाक्का आली. एसटी स्टँडसमोर तिची खानावळ. निम्मा गाव तिच्या हातची भाकरी खायचा. पण हल्ली तिचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायची. थापता थापता भाकरी हातातून निसटायची. शेवटी नवरा शिवगोंडा थापायला बसला. त्याच्या भाकरीला कोपरे यायचे. गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडं जेवायला लागली होती.

"हाताला मुंग्या येत्यात रं," गोदाक्का म्हणाली.

केरबानं लिहिलं: हाताला मुंग्या येतात. मग पेन थांबवून विचारलं, "लाल का काळ्या?"

"त्या काय दिसत्यात व्हय? आतनं येत्यात."

केरबानं लिहिलं: रंग दिसत नाही. आतून येतात.

बाईंनी हात तपासला. मनगटातली नस दबली होती. ऑपरेशन करून ती मोकळी करायला हवी होती. केरबाचा कागद कंपनीला गेला. कंपनीचं उत्तर आलं: घरातल्या किडामुंगीचा बंदोबस्त पॉलिसीत बसत नाही.

बाईंनी केरबाला समोर बसवलं. "मुंग्या म्हणजे मुंग्या नव्हेत, केरबा. नस दबली की हाताला झिणझिण्या येतात, त्याला लोक मुंग्या म्हणतात. कंपनीला असलं लिहून चालत नाही. प्रत्येक रोगाला एक नंबर असतो, तो लिहायचा. मुंग्या म्हटलं की जी-छप्पन्न."

"जी-छप्पन्न," केरबा म्हणाला.

आठवड्यानं आंबे उतरवणारा बाळगोंडा पळत आला. अंगात शर्ट नव्हता. झाडावरचं मुंग्यांचं घरटं त्याच्या डोक्यावर फुटलं होतं.

"मुंग्या," तो नाचत म्हणाला. "पाठीवर मुंग्या, कानात मुंग्या."

"तुझी नस दबलीय," केरबा म्हणाला. "मुंग्या म्हणजे मुंग्या नव्हेत."

"आरं, ह्या बघ की. तुझ्या टेबलावर चढाय लागल्यात."

केरबानं टेबलावरच्या मुंग्या झटकल्या, एक कॉलरमधून काढली, आणि लिहिलं: जी-छप्पन्न.

बाईंनी बाळगोंडाला नळाखाली उभं केलं आणि मग केरबाकडं वळल्या. "नुसता नंबर खरडून भागत नाही. गोदाक्काचा कागद पुन्हा परत आलाय. हात डावा की उजवा, ते तू लिहिलंच नाहीस. डाव्याचा नंबर वेगळा, उजव्याचा वेगळा. डावं की उजवं, हे विचारल्याशिवाय कागद पुढं सरकवायचा नाही."

"नाही सरकवत," केरबा म्हणाला.

तेवढ्यात पोस्टमास्तर टिकेकर कपाळ धरून आले. "डोकं दुखतंय हो," ते म्हणाले.

"डावं का उजवं?"

"म्हणजे काय? डोकं."

"कुठलं डोकं, ते सांगा. दोन्हींचे नंबर वेगळे असतात."

"अहो, मला एकच आहे."

"नीट आठवून बघा," केरबा म्हणाला. "मला घाई नाही."

टिकेकर आठवत बसले. मग त्यांचं डोकं फारच दुखायला लागलं. केरबानं लिहिलं: उजवं डोकं दुखतं. डावं घरी विसरून आले आहेत.

बाईंनी तो कागद वाचला. केरबाला काढून टाकावं असं त्यांच्या मनात आलं, पण काय सुरेख अक्षर होतं ते.

"मनचं लिहायचं नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "कंपनीपुढं एकच नियम चालतो. लिहिलं नाही तर झालं नाही. लिहिलं तर झालं."

केरबाला हा नियम फार आवडला. नोकरीला लागल्यापासून एवढी सरळ गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती.

गोदाक्काचा कागद मग बाईंनी स्वतः लिहिला. मंजुरी आली. ऑपरेशनच्या सकाळी गोदाक्का उपाशीपोटी बाकड्यावर येऊन बसली आणि रडायला लागली.

"लई कापत्यात का रं, केरबा?"

केरबाला तिची दया आली. त्यानं पेन उघडलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं: उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. नस मोकळी झाली. पेशंटला आराम.

"आक्का," तो म्हणाला, "झालं."

"काय झालं?"

"ऑपरेशन."

"एवढ्यात? मला कळलं पण न्हाई."

"आमच्याकडं तसंच असतं."

गोदाक्कानं डोळे पुसले, त्याला तोंडभर आशीर्वाद दिले आणि स्टँडवर जाऊन प्लेटभर भजी खाल्ली.

आत बाई हातमोजे चढवून उभ्या होत्या. "केरबा, गोदाक्काला आत पाठव."

"ती घरी गेली. ऑपरेशन झालं तिचं."

"कुणी केलं?"

"तुम्हीच. सही तेवढी राहिलीय."

पोटात भजी गेल्यामुळं खरं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. ते छान झालं. टाके निघाले, मुंग्या गेल्या, भाकऱ्या पुन्हा गोल झाल्या. शिवगोंडा आनंदानं भांडी घासायला लागला. आणि केरबानं तेही ऑपरेशन इमानदारीत लिहून कंपनीला पाठवून दिलं.

कंपनीच्या साहेबांचा फोन आला. बाई तेव्हा जेवायला गेल्या होत्या.

"एका हाताचं एकच ऑपरेशन दोनदा कसं?" साहेबांनी विचारलं.

"पहिलं मी केलं," केरबा म्हणाला.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही, कारकून."

"मग ऑपरेशन कशानं केलंत?"

"पेनानं. बाईंच्यात टाके पडले. माझ्यात एकही पडला नाही."

साहेब म्हणाले, "असं आहे तर बाईंना कशाला त्रास देता? उद्यापासून सगळी तुम्हीच करा की."

"बरं," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्यात आल्या तर बाकडी रिकामी. एकही पेशंट नाही. केरबा एकटाच, पेनात नवी रिफिल घालत बसलेला.

"सगळे कुठं गेले?" बाईंनी विचारलं.

"बरे होऊन घरी गेले. एक हर्निया झाला, एक अपेंडिक्स झालं, एक बाळंतपण झालं."

"बाळंतपण? कुणाचं?"

"सुतारांच्या सुनेचं. मुलगी झाली. तीन किलो."

बाईंनी केसपेपर ओढून घेतला. "केरबा, ती नुसती तपासायला आली होती. तिला सातवा महिना आहे."

"होता," केरबा म्हणाला. "मी नववा लिहिला."