पाहुण्यांच्या पेवाचं झाकण

फार जुन्या काळी नदीच्या अलीकडच्या काठाला एक गाव होतं. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तिथली माणसं माझ्याशी भांडायला येतील, म्हणतील, आम्ही असे नव्हतोच मुळी. त्यापेक्षा नकोच ते नाव.

त्या गावची जमीन पांढरी, घट्ट. आत पाणी झिरपायचं नाही. म्हणून लोक जोंधळा जमिनीखाली पेवांत साठवायचे. पेव म्हणजे विहिरीसारखा खोल खड्डा, आतून कडब्याचं अस्तर, तोंडावर दगडी झाकण आणि झाकणाच्या कडेनं चिखलाचा लिंपा. धान्य वर्षानुवर्षं टिकायचं, फक्त त्याला पेवाचा एक आंबूस वास लागायचा. पण बंद पेवात वाफ साठते. झाकण काढल्या काढल्या आत उतरलेला माणूस जिवंत वर येत नाही. म्हणून झाकण काढून एक अख्खा दिवस थांबायचं, मग दोरीनं पेटता दिवा आत सोडायचा. विझला तर अजून थांबायचं. टिकला तरच माणूस उतरवायचा.

हे काम गोंदाजी नावाच्या म्हाताऱ्याकडे होतं. गावात चाळीस पेवं होती आणि त्यातलं एक कुणाच्याच मालकीचं नव्हतं. त्याला पाहुण्यांचं पेव म्हणत. सुगीला प्रत्येक घर त्यात एक पाटी जोंधळा ओतायचं, आणि उपाशीपोटी गाव सोडून आलेल्या परक्या माणसांसाठीच ते उघडायचं. गोंदाजीच्या आजानं त्याला लहानपणी बजावलं होतं, "पोरा, परकी माणसं वेशीत दिसली की आधी झाकण काढ. कोण, कुठली, ते मग विचार. विचारायला एक दिवस असतोच की हाताशी."

अशात अलीकडच्या राजाचं आणि पलीकडच्या राजाचं युद्ध पेटलं. कशावरून पेटलं ते आता कुणाला आठवत नाही. फौजा हलल्या की भाव चढतात, हे ज्याला सगळ्यांत आधी कळतं असा शहरातला एक बडा वखारवाला शेठ होता. त्यानं गावची एकोणचाळीस पेवं आधीच विकत उचलली. माल तो अलीकडच्या फौजेला विकायचा. आणि पलीकडच्या फौजेलाही विकायचा, बरं का! फक्त तिकडे दुसऱ्याच्या नावानं.

एके दिवशी पलीकडची दोनशे माणसं नदी उतरून आली. त्यांची गावं जळाली होती. म्हातारी माणसं, बाया, लेकरं, थोडे तरणे गडी, सगळी काठावरच्या चिंचांखाली येऊन पडली. गोंदाजीनं खांद्यावर पहार टाकली आणि पाहुण्यांचं पेव गाठलं. पहारीचं टोक लिंप्यात घालणार, तोच मागून शेठ आला. बरोबर गावची चार मोठी माणसं होती.

"अहो गोंदाजीबाबा, थांबा की जरा! घाई कसली?" शेठ गोड आवाजात म्हणाला. "ही शत्रूच्या राजाची माणसं. तुमचा धाकटा मुलगा आपल्या फौजेत आहे ना? उद्या कुणी म्हणालं, बापानं शत्रूला पोसलं, तर? चावडीवर बसून शहाणी माणसं ठरवतील. तोवर झाकणाला हात लावू नका. म्हणजे तुम्ही ना ह्या बाजूचे, ना त्या बाजूचे. तुमच्यावर कसला बोल नाही."

मुलाचं नाव निघालं आणि म्हाताऱ्यानं पहार मागे घेतली. आजाचं बोलणं त्याला आठवत होतं, नाही असं नाही. पण शेठचं बोलणंही पटल्यासारखं वाटलं. हात न लावण्यात कसलं पाप? त्यानं पहार खाली ठेवली.

आणि चावडीवर वाद सुरू झाला. काय सांगू तुम्हाला, असा वाद त्या गावानं कधी ऐकला नव्हता!

पहिल्या दिवशी पंतोजी उभे राहिले. शाळा चालवणारे, विद्वान गृहस्थ. म्हणाले, "आज ह्यांना जगवलं तर उद्या ह्यांचीच मुलं आपल्यावर तलवार उगारतील. युद्धात दया दाखवणं म्हणजे आपल्याच माणसांशी निर्दयपणा." माना डोलल्या.

दुसऱ्या दिवशी गावची कुंभारीण उठली. तिची जीभ तिखट. "पंतोजी, चिंचेखाली एक बाळंतीण पडलीय. तिचं पोर तलवार कधी धरणार? आधी दूध तर मिळू द्या त्याला!" त्यावरही माना डोलल्या.

तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः बोलला. "मी अडाणी व्यापारी माणूस. पण फुकट वाटलं की बाजार बसतो. बाजार बसला तर पुढल्या साली पेरायला कोण धजावेल? लढाई मी लावली नाही. मी कुणाला मारत नाही. ज्याला हवं त्याला धान्य देतो, एवढंच."

"दोघांनाही देता म्हणूनच लढाई संपत नाही, शेठ!" कुंभारीण कडाडली.

शेठ हसला. "बाई, फार खोल मुद्दा काढलात. असा घाईत सुटायचा नाही. ह्यावर उद्या सावकाश बोलू." आणि त्यानं सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटायला सांगितले.

इकडे चिंचांखाली शेठची गाडी उभी असायची. पायातल्या एका तोडीला ओंजळभर जोंधळा. दुसऱ्या दिवशी त्याच तोडीला मूठभर. चावडीवर वाद जितका रंगायचा, तितकी मूठ लहान व्हायची. चावडीवरच्यांना हे दिसत नव्हतं, कारण चावडीचं तोंड दुसरीकडे होतं.

गोंदाजीला दिसत होतं. तो रोज पाण्याच्या दोन घागरी घेऊन तिथं जायचा. पाणी द्यायला कुणी मना केलं नव्हतं. चौथ्या दिवशी एका म्हातारीनं त्याला हाक मारली. तुळसाक्का तिचं नाव.

"दादा, पेवं तुम्हीच राखता ना? माझे मालकही पलीकडे पेवंच राखायचे. झाकण काढलंय का?"

"अजून नाही, अक्का. चावडीवर ठरायचंय."

"अहो, मग झाकण तरी काढून ठेवा! वाफ निघून जाईल. वाद खुशाल घालू द्या त्यांना. नाही द्यायचं ठरलं तर परत लिंपून टाका, तुमचं काय जातंय? पण द्यायचं ठरलं तर आम्हाला आणखी एक दिवस काढावा लागणार नाही. आमच्याकडे आता मोजकेच दिवस उरलेत."

"ठरल्याशिवाय कसं काढू? मी कुणाच्याच बाजूचा नाही, अक्का."

म्हातारी रागावली नाही. थकलेल्या आवाजात म्हणाली, "झाकण लागलेलं आहे तोवर तुम्ही शेठच्या बाजूचे आहात, दादा."

गोंदाजी तसाच पेवापाशी गेला. पहार उचलली. लिंप्यावर टोक टेकवलं. मग मुलाचं तोंड डोळ्यांपुढे आलं, चावडीवरची माणसं आली, आणि त्यानं पहार पुन्हा खाली ठेवली. असं त्यानं पुढचे चार दिवस रोज केलं. मला त्याचा राग येतो. पण खरं सांगू, त्याच्या जागी मी असतो तर पहार उचलायलासुद्धा गेलो असतो की नाही, कोण जाणे.

नवव्या दिवशी चावडीचा निकाल लागला. कुंभारणीचा मुद्दा सगळ्यांना पटला. पंतोजींचेही डोळे भरून आले. भुकेल्याला शत्रू नसतो, असं एकमतानं ठरलं आणि टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या शेठनं वाजवल्या. त्याची गाडी आता रिकामी होती आणि चिंचांखाली कुणाच्या पायात तोडी उरली नव्हती.

गोंदाजी धापा टाकत धावला. झाकण निघालं. दिवा आत सोडला, तो हातभर खाली जाताच फट्‌दिशी विझला. तोवर चिंचांखालचे लोक भांडी घेऊन आले होते, काही तर रांगत आले.

"उद्या," गोंदाजी म्हणाला. "उद्या सकाळी."

"उद्या?" चार तरणे गडी पुढे घुसले. त्यांना आतला जोंधळा दिसत होता. ते उडीच मारणार होते. तेव्हा तुळसाक्का पुढे आली आणि पेवाच्या तोंडाशी आडवी बसली.

"आत मरण आहे, पोरांनो. मला माहीत आहे. उतरायचंच असेल तर आधी माझ्या अंगावर पाय द्या." मग गोंदाजीला म्हणाली, "तुम्ही दोऱ्या, पाट्या गोळा करा. मी बसते इथं. हे काम मला येतं."

गोंदाजी दोऱ्या घेऊन सकाळी परत आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. कुणी उडी मारली नव्हती. दिवा आत सोडला, तो टिकला. पहिली पाटी वर आली. गोंदाजीनं ओंजळ भरली आणि तिच्यापुढे धरली. "अक्का, घ्या." त्यानं दोनदा हाक मारली. मग त्याच्या ओंजळीतले दाणे खाली सांडले.

चिंचांखाली अकरा माणसं आधीच गेली होती. बाळंतिणीचं पोर त्यातच होतं. कुंभारीण कण्या शिजवत होती आणि रडत होती. पंतोजी जवळ उभे होते आणि त्यांना एकही मुद्दा सुचत नव्हता.

पुढच्या वर्षी लढाई नदी ओलांडून अलीकडे आली आणि गाव जळालं. गोंदाजी ओढ्यात लपला होता. शत्रूचे घोडे त्याच्या अगदी जवळून गेले, आणि त्यांच्या दाणे भरलेल्या तोबऱ्यांतून त्याला ओळखीचा आंबूस वास आला. त्याच्याच गावच्या पेवांचा जोंधळा होता तो. मुलाची काहीच खबर नव्हती.

उरलेली माणसं दोन दिवस चालून एका अनोळखी गावाच्या वेशीत जाऊन बसली. तिथंही पेवं होती. तिथंही चावडी भरली होती आणि कुणीतरी फार सुंदर बोलत होतं.

गोंदाजी काठी टेकत चावडीच्या पायरीशी गेला. हात जोडून म्हणाला, "तुमचं चालू द्या, महाराज. मला एकच विचारायचंय. झाकण काढलंय का?"

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकजण समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाबा, ते अजून ठरायचंय. पण तोवर आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही बरं!"

गोंदाजी परत फिरला आणि आपल्या माणसांत जाऊन बसला.

ह्या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: दारात भुकेला बसलेला असताना जो नुसता थांबतो, त्यानंही बाजू घेतलेलीच असते. म्हणून आधी झाकण काढावं, मग वाद घालावा. आणि वाद लांबला की कुणाची गाडी रिकामी होतेय, ते एकदा बाहेर जाऊन पाहून यावं.