साळिंदरबाईंची गाडी

जनावरंही गाड्या चालवू लागली, त्या काळात साळिंदरबाईंनी विजेवर चालणारी नवी दुचाकी गाडी घेतली. त्या रोज ती पुसायच्या, चाकं तपासायच्या आणि पुन्हा झाकून ठेवायच्या.

शेजारचे म्हातारे कासवआजोबा एकदा म्हणाले, "मला माझं जन्माचं तळं बघायचंय. नेशील का?"

"वाटेत चिखल आहे, आजोबा. गाडी खराब होईल."

दुसऱ्या दिवशी आजोबा पायीच निघाले. तळं डोंगरापलीकडे होतं. त्यांना जाताना पाहून साळिंदरबाईंचा जीव तुटला.

तेव्हा गाडी म्हणाली, "बाई, मला तेल लागत नाही की किक लागत नाही. चार्ज करा, अधूनमधून हवा भरा, मला तेवढं पुरतं. चिखल काय, धुतला की जातो. आजोबांना मात्र एवढं चालवणार नाही."

साळिंदरबाईंनी आजोबांना वाटेतच गाठून मागे बसवलं. खड्ड्यांतून, ओहोळातून जाताना दोघंही हसत होती. तळं दिसताच आजोबा पाण्यात शिरले.

"परत कधी निघायचं?" त्यांनी पाण्यातूनच विचारलं.

चिखलाने माखलेल्या गाडीवर निवांत बसून साळिंदरबाई म्हणाल्या, "तुमचं मनासारखं पोहून होऊ दे. मला काही घाई नाही."