खालून येणारा पाऊस

“...मग डोळे जायच्या आत कुठला रस्ता बघू, अक्का?”

‘कुठला’ म्हणाला, की ‘कुठले कुठले’ म्हणाला, हे आता खात्रीनं सांगता येत नाही. मी त्या दोघांच्या मागं होतो, वारा समोरचा होता, आणि मधे बरीच वर्षं गेली आहेत. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं; त्यानं एवढंच झालं की स्वतःच्या आठवणीचीही उलटतपासणी घ्यायची सवय लागली. त्या दिवसातली एक गोष्ट तर मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलीच नाही. आपल्याला भास झाला असेल, असं वाटायचं.

पण प्रश्न त्यानं विचारला, हे नक्की.

प्रद्युम्न शिरगावकर कोल्हापुरात आर्किटेक्ट होता. चाळिशीतला, उंच, सायकलीवर बसला की देखणा दिसणारा. लडाखच्या खिंडी, युरोपातले घाट, सगळीकडं त्यानं सायकल चालवली होती, आणि कुठंही कुणाच्या मागं राहिला नव्हता.

त्याच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला होता. नजर कडेकडेनं मिटत येत होती. समोरचं दिसे, बाजूचं नाही. काही वर्षांत समोरचंही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

त्यानं ठरवून टाकलं होतं. काम बंद करायचं आणि जगातले राहिलेले रस्ते बघून घ्यायचे.

“आणि नंतर?” मी विचारलं होतं.

“नंतर सायकल विकायची, सर. आणि घरात बसायचं. दार लावून.”

गाडीची वेळ सांगावी तसं त्यानं ते सांगितलं. त्याची बायको ऋजुता शेजारीच उभी होती. तो आत गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, “त्याला एकदा अक्कांबरोबर न्या ना. दुसऱ्या कुणाचं तो ऐकायचा नाही.”

यमुनाअक्का उपाध्ये मुलींच्या कॉलेजात खेळ शिकवायच्या. प्रद्युम्नच्या गल्लीत राहायच्या, आणि लहानपणी त्याला सायकल त्यांनीच शिकवली होती. आता सत्तरीच्या झाल्या होत्या. ओढणी कमरेला गच्च बांधायच्या. चढ आला की सरळ उतरून सायकल हातात धरून चालायच्या, आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटायचा नाही.

गौरी-गणपती होऊन गेले होते. आजऱ्याहून आंबोलीकडं आम्ही तिघं सकाळी निघालो होतो.

तेव्हाच त्यानं तो प्रश्न विचारला. अक्का पायडल मारत राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या,

“आधी हा तर बघ.”

“हा मी केलाय, अक्का.”

“तू केलास? मला वाटायचं सरकारनं केलाय.”

मी मागं हसलो. तो हसला नाही. गिअर बदलून पुढं निघून गेला.

ऊन कोवळं होतं. दोन्ही बाजूंना भात होतं, आणि भाताच्या पलीकडं डोंगर, धुऊन वाळत घातल्यासारखे. बांधाबांधावर तेरडा फुलला होता. एका वळणावर अक्का अचानक थांबल्या आणि घंटी वाजवली. प्रद्युम्न बराच पुढं गेला होता. परत आला. परत यावं लागलेलं त्याला आवडलेलं दिसत नव्हतं.

“काय झालं? पंक्चर?”

“वास आला?”

“कसला?”

“घनसाळ भात फुलोऱ्यावर आलाय.”

मला आला होता. ओला, गोडसर, कुणाच्या तरी घरात भात रटरटत असावा तसा. पण घर जवळपास नव्हतं. एवढ्या मोठ्या शेतातून तो वास वर येत होता, आणि त्याला काही कडा नव्हती.

प्रद्युम्ननं मोबाइल काढून शेताचा फोटो घेतला.

“हे झालं,” तो म्हणाला.

ही त्याची नवी सवय होती. काही बघितलं की म्हणायचा, हे झालं.

“झालं?” अक्का म्हणाल्या. “मेलं काय ते?”

“अक्का, मला वेळ कमी आहे.”

“व्हय. आणि वारा समोरचा आहे. चल.”

पुढं नदी आली. हे झालं. नदीच्या डोहावर बगळ्यांची रांग आली. हेही झालं. मग ऊन असतानाच पलीकडच्या शेतातून पाऊस निघाला.

हे मला नीट आठवतं, किंवा नीट आठवतं असं वाटतं. आधी आवाज आला. मग भाताची पाती एका टोकाकडून वाकत आली, आणि पांढरा पडदा शेत ओलांडून सरळ आमच्याकडं चालत आला. रस्त्याच्या मध्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. डावी बाजू वाजत होती, उजवी कोरडी होती. अक्का डाव्या बाजूनं चालल्या होत्या, मी उजव्या. त्या चिंब होत होत्या आणि हसत होत्या. माझ्या अंगावर ऊन होतं. मी घाबरलो होतो, हेही लिहायला हवं. असं काही बघायची माझी तयारी नव्हती.

प्रद्युम्न पुढं होता. त्यानं मागं वळून पाहिलं असेल तर मला दिसलं नाही.

चढ लागला तसा तो जोरात निघाला. अक्का उतरून चालू लागल्या. मीही उतरलो, मला तेवढंच निमित्त हवं होतं. वरच्या वळणावर करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला.

आम्ही पोचलो तर तो एक पाय टेकून उभा होता. समोर एक रेडकू त्याच्या हँडलला नाक लावून हुंगत होतं. डावीकडच्या चरातून वर आलं होतं. लपून नाही, आरामात, सगळ्यांना दिसेल असं.

“कुठनं आलं?” अक्कांनी विचारलं.

“...दिसलं नाही.”

अक्कांनी रेडकाच्या पाठीवर थाप मारली. ते गेलं.

प्रद्युम्न आमच्याकडं पाठ करून ब्रेकची तार तपासू लागला. ती ठीकच होती. आम्ही दोघं डोंगराकडं बघत उभे राहिलो.



आंबोलीच्या अलीकडं अक्कांनी मोठा रस्ता सोडला आणि कड्याकडं जाणाऱ्या वाटेला लागल्या. ती डांबरी वाट पठारावरून जाते आणि दरीच्या काठाशी संपते. पठारावर सोनकी फुलली होती. पिवळं, सगळं पिवळं. प्रद्युम्न त्यातून पुढं चालला होता, आणि बघता बघता त्याची पाठ नाहीशी झाली.

धुकं होतं ते. कड्यावरून वर आलं आणि पठार गिळून गेलं. सोनकी गेली, वाट गेली, माझ्या सायकलीचं पुढचं चाक गेलं.

“उतरा,” अक्कांचा आवाज आला. “कडेला घ्या. घंटीच्या मागनं या.”

त्या घंटी वाजवत चालल्या होत्या. मी त्या आवाजामागं गेलो. एवढ्यात समोर काहीतरी प्रचंड उजळलं. प्रद्युम्ननं आपला दिवा लावला होता. परदेशातून आणलेला, भलताच प्रखर. रात्रीच्या घाटात दूरवरचा दगड दाखवणारा.

त्या दिव्यानं आमच्यासमोर एक पांढरी भिंत उभी केली. चुना मारलेली, हाताच्या अंतरावर.

“अक्का...” त्याचा आवाज बदलला होता. “काही दिसत नाही. काहीच दिसत नाही मला.”

“दिवा मालव.”

“आहे तेवढंही जाईल!”

“मालव म्हणते.”

त्यानं मालवला नाही. उजेड आणखी वाढवला. भिंत आणखी पुढं आली.

अक्का त्याच्याजवळ गेल्या आणि त्यांनी आपला तळवा दिव्यावर ठेवला. बोटांच्या कडा लाल झाल्या. मग दुसऱ्या हातानं त्यांनी बटण दाबलं.

भिंत पडली.

आधी नुसतं राखाडी होतं. मग पायाशी गवत आलं. गवतावरचं पाणी आलं. मग वाटेची कड, एक दगड, आणि त्यापुढं लोखंडी कठडा. तिथून पुढं मात्र काही नव्हतं. खाली, वर, समोर, सगळीकडं एकच पांढरं.

आम्ही कठड्याशी उभे राहिलो.

“दरी कुठाय?” प्रद्युम्ननं विचारलं.

“ही काय, समोर.”

“दिसत नाही.”

“मग बघ की.”

तो काहीतरी बोलणार होता. रागावलेला होता. पण त्या क्षणी खालून वारा आला.

तो वारा कसा होता ते मला सांगता येणार नाही. थंड होता, त्याला खोली होती, आणि ओल्या मातीचा, शेवाळाचा, खूप खालच्या झाडांचा वास होता. वाऱ्याबरोबर आवाज आला. पाणी पडल्याचा. तो एका जागी नव्हता. डावीकडं होता, मग समोर, मग आमच्या पायाखाली. एवढं मोठं काहीतरी आमच्यापुढं होतं, आणि ते श्वास घेत होतं. मी कठडा धरला.

प्रद्युम्ननंही धरला. त्याचं तोंड थोडं उघडं होतं.

“हे झा...” तो म्हणाला, आणि थांबला.

मग थेंब आले. टपोरे, एकदम, तडतडत.

“पाऊस,” मी म्हटलं.

“कुठनं पडायलाय?” अक्कांनी विचारलं. मला नाही, त्याला.

“वरून. अजून कुठून पडणार?”

अक्कांनी एक बोट त्याच्या हनुवटीखाली लावलं. त्यानं रेनकोटची टोपी ओढलेली होती. कपाळ कोरडं होतं. अक्कांनी ते बोट त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. बोटावरून पाणी ओघळलं.

त्यानं स्वतःच्या हनुवटीखाली हात लावला. मग गळ्याला. मग नाकाखाली.

मीही लावला. माझाही हात भिजला. हीच ती गोष्ट, जी मी कुणाला सांगितली नाही. पाऊस खालून पडत होता. हे घरी येऊन कुणाला सांगायचं? विद्यार्थ्यांना? ज्यांना मी वर्षानुवर्षं सांगत आलो, की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि पुरावा असल्याशिवाय काही मानू नका?

किती वेळ आम्ही तिथं उभे होतो, माहीत नाही. धुकं हललं नाही. दरी दिसली नाही. प्रद्युम्ननं टोपी मागं टाकली होती आणि डोळे मिटून घेतले होते. डोळे त्यानं आपण होऊन मिटले होते, हे मी मुद्दाम नोंदवतो.

शेवटी तो बोलला. आवाज अगदी लहान होता.

“अक्का, डोळे गेल्यावर सायकलीवर बसायचं कसं?”

अक्का आपली सायकल वळवत होत्या. ओढणीची गाठ त्यांनी पुन्हा घट्ट केली.

“मागं,” त्या म्हणाल्या.

*

 त्या वर्षी प्रद्युम्न परदेशी गेला, आणि ठरल्यापेक्षा लवकर परत आला. का, ते त्यानं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

पुढं काही वर्षांनी अक्का गेल्या. प्रद्युम्नची नजरही गेली. डॉक्टर म्हणाले होते त्याहून थोडी आधीच.

परवाच्या गौरी-गणपतीनंतर त्याचा फोन आला. “सर, आंबोलीला निघालोय. येताय?”

माझं आता सायकलीचं वय राहिलं नाही. मी त्यांच्या मागून मोटारीनं गेलो. पुढं ती दोघं होती, दोन जणांच्या लांब सायकलीवर. पुढच्या सीटवर ऋजुता, मागच्या सीटवर तो. आजरा सुटल्यावर एका वळणाशी सायकल थांबली. मागच्यानं थांबवली होती. भाताच्या शेताकडं तोंड करून तो उभा राहिला. मी गाडीची काच खाली केली, तेव्हा मला वास आला.

कड्यावर पोचलो तेव्हा आभाळ उघडं होतं. वारा होता, धुकं नव्हतं. त्या कठड्याशी उभं राहून मी पहिल्यांदा खाली पाहिलं.

समोरच्या कड्यावरून एक ओढा दरीत उडी घेत होता. अर्ध्या वाटेवर वारा त्याला पकडत होता. पाणी क्षणभर हवेत लटकायचं, जड, चकाकत, काय करावं न कळल्यासारखं. मग वळायचं. पांढरं, भुकटी होऊन, कड्याच्या वर यायचं, आणि आमच्या तोंडावर पडायचं.



“सर, गप्प का झालात?” प्रद्युम्ननं विचारलं.

“दिसतंय,” मी म्हटलं.

“मग?”

“...सांगता येत नाही.”

तो मोठ्यानं हसला. त्याला माझं ते उत्तर फार आवडलेलं दिसलं.

“झालं का रे?” सायकलीपाशी उभ्या असलेल्या ऋजुतानं हाक मारली. “निघायचं?”

“अजून नाही,” तो म्हणाला. हनुवटी वर करून तो तसाच उभा होता, आणि हनुवटीखालून थेंब गळत होते.

मला भास झाला नव्हता. पाणी खालून वर येत होतं.