करड्या बुरशीचा गुरू

“मग याच्याहून जहाल काय हाय, तेवढं सांगा बुवा.”

जयवंत दानवलेने हातातली औषधाची बाटली पायरीवर ठेवली. आपटलीच म्हणायची.

सोमाबुवा मठामागच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात उकिडवे बसून पिकली पानं खुडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

जयवंत कुणाला काही विचारणाऱ्यातला नव्हता. गावात स्ट्रॉबेरी म्हटली की त्याचं नाव पहिलं. त्याने फवारणीचा पंप काढला की निम्मं शिवार आपापले पंप काढायचं. असा माणूस सकाळच्या धुक्यात मठाची चढण चढून आला, म्हणजे पाणी गळ्याशी आलं होतं.

झालं होतंच तसं. पिकायला आलेल्या फळावर राखेसारखी करडी लव धरायची आणि बघता बघता फळ पिचकायचं. मागच्या बहराची निम्मी फळं या बुरशीने खाल्ली होती. आता रोपांवर नवा फुलोरा आला होता. तो वाचला तर साल हाती लागणार होतं, नाहीतर वाफे उपटून टाकायचे, एवढंच उरलं होतं.

“किती येळा मारलंस औषध?” बुवांनी विचारलं.

“आधी आठवड्याला मारत होतो. मग चार दिसांनी. मग डोस दुप्पट केला.”

“आणि?”

“पहिल्या साली जादू झाली बघा. सगळी साफ! आता त्याच औषधानं आंघोळ केल्यागत ताजी हुतीय.”

बुवांना हसू आवरेना. जयवंतच्या कपाळाला आठ्या पडल्या. इथे घर बुडायची वेळ आली होती आणि म्हातारा हसत होता.

“रनर कुठल्या रोपाचे धरतोस रं?”

हे काय भलतंच? रोपाला फुटणाऱ्या पिलांचा इथे काय संबंध? पण नर्सरीचा विषय निघाला की जयवंतला गप्प बसवत नसे.

“कुठल्या म्हंजे? रोगातनं तगलं त्याचे. मरतुकड्याचे कोण धरतंय? म्हणून तर माझी रोपं न्यायला लांबलांबनं लोक येत्यात.”

“म्हंजे मरंल त्ये मरू द्यायचं…”

“व्हय.”

“आणि तगंल त्याचीच पिलं वाढवायची.”

“दरसाली!” जयवंतची छाती फुगली.

जयवंतने दाखवायला म्हणून एक कुजकं फळ पानात गुंडाळून आणलं होतं. बुवांनी ते पान उलगडलं, पायरीवर ठेवलं आणि त्या करड्या लवेला दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

“बुवा, चेष्टा करताय गरिबाची?”

“चेष्टा न्हाई. ही तुझ्याच नर्सरीतली हाय.”

जयवंत पानाकडे बघत राहिला. पहिल्या फवाऱ्याला मेली ती औषधाला भिणारी. उरली ती न भिणारी, चार-दोन असतील. मग तिची पिलं. मग त्या पिलांवर पुन्हा तोच फवारा, आणि त्यातूनही जी तगली तिची पिलं… वाफ्यात आता भिणारी जवळजवळ उरलीच नव्हती. आणि हे सगळं त्यानेच केलं होतं, दरसाली, मोठ्या हौसेनं.

“म्हंजे एवढी सालं मी हिला शिकवीत बसलो व्हय?”

“मन लावून शिकवलंस. गुरू म्हणून तुला नावं ठेवायला जागा न्हाई.”

जयवंत मटकन पायरीवर बसला. त्याची नजर बुवांच्या वाफ्यावर गेली. लालभडक फळं लोंबत होती. आणि पानांच्या आड एका फळावर तीच करडी लव.

“तुमच्यात बी हाय की!”

“हाय की.”

“आणि तुमी मारत न्हाई?”

“धुक्यात ऱ्हायचं म्हंजे ती येणारच. दिसलं की वेचतो आणि खड्ड्यात पुरतो. पिकलं पान काढलं की वारं खेळतं. पाणी बेतानं सोडतो.”

“एवढ्यानं मरती?”

“मरत न्हाई. तिचा वाटा खाती, माझा मला ऱ्हातो.”

“माझा फुलोरा वाचंल?”

बुवांनी जरा विचार केला. “फूल अजून कोरं हाय. कुजकं आधी उचललंस तर बराचसा वाचंल. पर गावाला बी वेचाया लाव. त्यास्नी तूच पंप काढायला शिकवलंस न्हवं?”

जयवंत उठून बुवांच्या वाफ्यात उतरला आणि वाकला. त्याच्या शेतात वेचायला बाया असत. तो बांधावर पंप घेऊन उभा. कित्येक सालांत असा रोपाच्या तोंडापर्यंत तो वाकला नव्हता. कुजकं फळ बोटांत फुटलं, घाण वास आला. तरी तो पुढे सरकत राहिला. ओळ संपली तेव्हा कुजकी फळं आणि पिकली पानं मिळून बुवांची पाटी अर्धी भरली होती, आणि त्याला बरं वाटत होतं. फार दिवसांनी बरं वाटत होतं.

“आजच गावाला सांगतो,” तो म्हणाला. “दुपारच्याला सगळं शिवार वाफ्यात वाकलेलं दिसंल तुमास्नी.”

मग त्याची नजर बाटलीकडे गेली आणि डोकं पुन्हा तापलं. ती उचलून तो तरातरा दरीच्या कडेला गेला.

“हिचं तोंड बी बघणार न्हाई आता जल्मात!”

त्याने हात उगारला. मागून बुवांनी मनगट धरलं. म्हाताऱ्याची पकड घट्ट होती.

“आता का अडवताय? तुमीच तर…”

बुवांनी बाटली काढून घेतली. धोतराच्या सोग्याने पुसली, झाकण घट्ट पिळलं आणि अवजारांच्या खोलीत सावलीच्या फळीवर नेऊन ठेवली. दार हलक्या हाताने ओढून घेत ते म्हणाले,

“दमलंय ते… फवारा थांबला की भिणारी परत जल्माला येईल. तवर निजू दे त्याला.”